घरच्या गॅरेजमध्ये किट कारचं इंजिन उतरवणं आणि परत बसवणं (फोर्ड पिंटो, टाइप ९ गिअर बॉक्स)

ट्रेंटकाठ

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो. घराला लागून एक गाडी जेमतेम मावेल एवढं गॅरेज आहे आणि त्यात लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची एक किट कार (सुटे भाग घेऊन घरी जोडलेली गाडी) उभी असते. चौकोनी नळ्या वेल्ड करून केलेली चौकट, बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे. बाकी सगळा चालता ऐवज जुन्या फोर्ड सिएराचा आहे: दोन लिटरचं पिंटो इंजिन, टाइप ९ हा पाच गिअरचा गिअर बॉक्स आणि मागचा डिफरन्शियल. सिएरा इथे १९८२ ते १९९३ विकली गेली. इंजिन पुढे आडवं नाही तर उभं, म्हणजे गाडीच्या लांबीला धरून, आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे सेव्हनसारखी गाडी बांधायला तिचे भाग फार सोयीचे पडतात.

क्लच घसरू लागला होता आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) तळातून इंजिन ऑइल ठिबकत होतं, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागचं ऑइल सील गेलेलं. दोन्ही दुखणी एकाच जागी. इंजिन आणि गिअर बॉक्स वेगळे केल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. साध्या गाडीत अशा वेळी गिअर बॉक्स खालून उतरवतात. सेव्हनमध्ये ती वाट बंद असते, कारण ज्या बोगद्यात गिअर बॉक्स बसतो तो चौकटीच्याच नळ्यांचा बनलेला आहे. म्हणून इंजिन आणि गिअर बॉक्स जोडलेलेच, एकत्र, पुढच्या बाजूने वर काढायचे. काम पूर्ण झालं आहे, गाडी चालते आहे. ते कसं केलं ते सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सिएराचं वर्कशॉप मॅन्युअल जवळ असलं तरी ते इंजिनाचं पुस्तक आहे, तुमच्या गाडीचं नाही. पिंटोच्या आतली मापं, कुठला बोल्ट किती टॉर्कला आवळायचा, यासाठी त्याच्यावर जरूर विसंबावं. पण इंजिन चौकटीला कसं धरलंय, वायर कुठून नेली, एक्झॉस्ट कुठून बाहेर काढला, हे ज्याने गाडी बांधली त्याने आपल्या गॅरेजमध्ये ठरवलेलं असतं. माझी गाडी नव्वदच्या दशकात कुणीतरी बांधली. तो माणूस मला कधी भेटलेला नाही. इंजिन उतरवताना मी त्याचे निर्णय एकेक करून वाचत होतो, आणि वाचलेलं तिथल्या तिथे टिपून ठेवत होतो, कारण बसवताना विचारायला कुणी असणार नव्हतं.

ऑइलच्या चेंबरचंच बघा. पिंटोचा मूळ चेंबर खोल असतो आणि सेव्हन जमिनीच्या अगदी जवळून चालते. म्हणून पुष्कळ जण चेंबर खालून कापून उथळ करून घेतात. माझाही तसाच आहे. म्हणजे पुस्तकातलं ऑइलचं माप मला उपयोगाचं नाही. डिपस्टिकवर मूळ खुणेच्या जोडीला करवतीने पाडलेली एक वेगळी खूण दिसली, ती त्याचीच असणार. त्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि मग ते मापाच्या कॅनमध्ये काढून आकडा लिहून ठेवला. आता माझ्या इंजिनाला किती ऑइल लागतं ते मला नक्की ठाऊक आहे.

तयारी. बॅटरीची निगेटिव्ह तार सगळ्यात आधी काढली. कूलंट आणि ऑइल वेगवेगळ्या कॅनमध्ये. कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी. शेजारची मांजर येते, त्यामुळे पसरट भांड्यात ते क्षणभरही उघडं ठेवलं नाही. दोन्ही कॅन नंतर कौन्सिलच्या कचरा केंद्रावर दिले. सुटणाऱ्या प्रत्येक वायरला आणि होज पाइपला कागदी टेपची जोडी: एक टेप सुटलेल्या टोकावर, दुसरी ती जिथून सुटली तिथे, दोन्हींवर तोच आकडा. फोटो दोन अंतरांवरून काढले, एक जवळून आणि एक इतक्या लांबून की तो भाग गाडीत नेमका कुठे आहे ते कळावं. जवळचे फोटो नंतर एकमेकांसारखेच दिसतात.

बेल हाउसिंगचे बोल्ट सगळे एका लांबीचे नाहीत. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढला, बोल्टच्या जागी भोकं पाडली आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचला. सेल्फ मोटरचे आणि माउंटिंगचे बोल्टही त्याच पुठ्ठ्यावर. माउंटिंगच्या काही जागी मेट्रिक बोल्टशेजारी इंची आट्यांचे बोल्ट निघाले. जवळजवळ सारखे दिसतात, हाताने दोन आटे फिरतातही, पण पाना लावला की आटे जातात. त्या पुठ्ठ्याने मला सगळ्यात जास्त वाचवलं.

मग बॉनेट, नाक, रेडिएटर काढले. एक्झॉस्टच्या चारही नळ्या बाजूच्या पत्र्यातल्या खिडकीतून बाहेर जातात, त्यामुळे तो आधी बाहेरून सोडवला. कार्बोरेटर, पेट्रोलची नळी (टोकाला बूच मारून), थ्रॉटल केबल, क्लच केबल, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर, अर्थची जाड पट्टी. गाडीच्या आत बसून गिअर लीव्हर काढला. तो विसरला तर इंजिन वर जाताना बोगद्याच्या झाकणाला अडकतो.

क्रेन घडीची, भाड्याने मिळते तशी. सेव्हन इतकी ठेंगणी की क्रेनचे पाय तिच्याखाली जातच नाहीत. म्हणून पुढची बाजू उचलून घोड्यांवर (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) ठेवली आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावली. क्रेन आणि इंजिन यांच्यामध्ये लेव्हलर हवाच. त्याचा दांडा फिरवला की भार पुढे-मागे सरकतो आणि इंजिन हवं तेवढं तिरकं होतं. गिअर बॉक्सची शेपटी बोगद्यातून सुटेपर्यंत सगळं धूड बऱ्यापैकी उभं तिरकं करावं लागतं. टाइप ९ मध्ये प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या डिफरन्शियलकडे ताकद नेणारा दांडा, गिअर बॉक्सच्या शेपटीत नुसता सरकवलेला असतो. गिअर बॉक्स पुढे आला की तो मागे निसटतो आणि उघड्या शेपटीतून गिअर ऑइल बाहेर येतं. जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन केबल टाय तयार ठेवून मुलाला त्याच कामावर बसवलं होतं. माझी पत्नी लेव्हलरचा दांडा फिरवत होती आणि मी क्रेनच्या पंपावर. चौकटीच्या वरच्या नळ्यांवर आणि पत्र्यावर जुन्या गोधड्या घातल्या होत्या. इंजिन लटकत असताना कुणाचाही हात, पाय त्याच्याखाली जाणार नाही, हे तिघांनी आधी ठरवून घेतलं.

वर घेताना इंजिन कुठेही अडलं तर पंप मारायचा नाही. थांबायचं, टॉर्च घेऊन खाली-मागे बघायचं. अडतं ते नेहमी काहीतरी जोडलेलं राहिलेलं असतं.

बाहेर आल्यावर इंजिन लगेच स्टँडवर चढवू नये. स्टँड बेल हाउसिंगच्याच भोकांना बोल्टने धरतो, म्हणजे मागच्या सीलची जागा झाकली जाते. मी लाकडी ओंडक्यांवर, बाजूने टेकू देऊन बसवलं, चेंबरवर भार न देता. फ्लायव्हील काढायच्या आधी त्यावर आणि क्रँकशाफ्टवर एक रेघ मारली. जुनं सील काढताना क्रँकशाफ्टच्या घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्याला स्क्रूड्रायव्हर लागू द्यायचा नाही. तिथे एक ओरखडा राहिला तर नवं सीलही गळतं. नव्या सीलच्या ओठाला ऑइलचं बोट लावून, चौफेर सारखं ठोकत बसवलं. क्रँकशाफ्टच्या टोकातलं छोटं स्पिगॉट बेअरिंगही (ज्यात गिअर बॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं) बदललं. हा भाग स्वस्त आहे, पण तो बदलायला एवढं सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आता बसवणं, आणि खरं काम इथे आहे.

क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये नुसती दाबलेली असते. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळायच्या आधी तिचा मध्य स्पिगॉट बेअरिंगच्या मध्याशी जुळला पाहिजे, नाहीतर गिअर बॉक्सचा शाफ्ट आत जाणार नाही. सेंटरिंगचा दांडा बाजारात मिळतो. तो घालून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा नुसता हात फिरवला. जास्त झालं तर ते उडून क्लच प्लेटवर जातं.

मग गिअर बॉक्स इंजिनाला लावायचा. त्याचं वजन एक क्षणही क्लच प्लेटवर टांगलेलं राहू द्यायचं नाही. खाली ट्रॉली जॅक, वर लाकडाचा तुकडा, दोन्हींच्या कडा समांतर. गिअर बॉक्स एका गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट हाताने हलकेच फिरवायचा, म्हणजे खाचा जुळतात. बोटभर फट उरते आणि गाडं अडतं. त्या वेळी बोल्ट लावून ओढून घ्यावं असं फार वाटतं. अजिबात ओढू नये. फट चौफेर सारखी आहे का ते मोजावं. वर कमी, खाली जास्त असेल तर जॅक एखादा केस खाली-वर करावा. जुळलं की दोन्ही तोंडं हाताच्या जोराने, टपकन एकत्र येतात. बोल्टचं काम त्यानंतरचं, धरून ठेवण्याचं.

एकत्र धूड उलट क्रमाने खाली. प्रोपेलर शाफ्ट शेपटीत शिरताना आतल्या माणसाने बोगद्यात हात घालून तो धरावा लागतो. माउंटिंगचे बोल्ट सगळे हाताने लागल्यावरच पान्याने आवळायचे, आधी एक पक्का केला तर दुसरा भोकात येत नाही. गिअर ऑइल मी गिअर लीव्हरच्या भोकातून मोजून ओतलं, कारण बाजूचा भरायचा प्लग सेव्हनच्या बोगद्यात हाताला लागत नाही.

सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, कॉइलची तार सुटी ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत इंजिन नुसतं सेल्फवर फिरवलं. पिंटोत कॅमशाफ्टवर एक भोकांची नळी ऑइल शिंपडते. तिची भोकं बुजली की कॅम झिजतात, ही या इंजिनाची जुनी खोड आहे. म्हणून वरचं झाकण काढूनच फिरवलं आणि प्रत्येक भोकातून ऑइल येताना डोळ्यांनी बघितलं. मग झाकण, प्लग, आणि किल्ली.

प्रश्न असतील तर विचारा.


पंचगंगाकाठ

ट्रेंटकाठ साहेब, लई मनापासून लिहिलंय. आमचं कोल्हापुरात गॅरेज आहे, वडिलांपासून. जीपची कामं जास्त. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन यायचं, ती इंजिनं आम्ही तीन पायांच्या लोखंडी घोडीला चेन ब्लॉक टांगून काढत आलोय. घोडी जागची हलत नाही, म्हणून इंजिन वर घेऊन गाडीच मागं ढकलायची. तुमच्या गाडीला ते जमलं नसतं, कारण गिअर बॉक्स तिरका ओढून पुढं घ्यायचा आहे.

बोल्टनं ओढू नका हे तुम्ही लिहिलं ते पोरांना वाचून दाखवलं. बेल हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ओढलं की कान तुटतो, नाहीतर क्लच प्लेटचा मधला गाभा वाकतो. कान तुटलेला दिसतो तरी, गाभा वाकलेला दिसत नाही. गाडी रस्त्यावर आली की क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर पडताना कर्रकर्र वाजतंय म्हणून गिऱ्हाईक परत येतं.

एक युक्ती सांगतो. बेल हाउसिंगच्या आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडा. समोरासमोरच्या दोन भोकांत ते हातानं लावा आणि गिअर बॉक्स त्यांच्यावरून सरकवत आणा. खाली-वर व्हायचा प्रश्नच राहत नाही, फक्त खाचा जुळवायच्या. बाकीचे बोल्ट लागले की हे दोन काढून त्यांच्या जागी खरे लावायचे.


ट्रेंटकाठ

पंचगंगाकाठ, ही युक्ती फार उपयोगी आहे. माझा बराच वेळ जॅक केसभर खाली-वर करण्यात गेला, तो यात वाचला असता. खाच पाडलेले दोन बोल्ट आजच करून डब्यात ठेवतो.


मृण्मयी

मी लीड्समध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. चेन ब्लॉकचा विषय निघाला म्हणून कळकळीने लिहिते. इंग्लंडमधल्या घरगुती गॅरेजच्या छताचे लाकडी ट्रस छताचं वजन, बर्फ आणि वारा पेलण्यासाठी असतात. खालच्या आडव्या लाकडाला मधोमध दोनशे किलोच्या आसपासचं धूड टांगणं हे त्यांच्या हिशेबात नाही. त्यातून इंजिन अडलं आणि एकदम सुटलं की तो झटका नुसत्या वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो. आपल्याकडे स्लॅबच्या पंख्याच्या कडीला चेन ब्लॉक लावलेला मी पाहिला आहे. कृपया कुणीही करू नका. जमिनीवर उभी राहणारी क्रेन किंवा घोडी, दुसरं काही नाही.

क्रेनच्या बाबतीतही एक बघा. एक टनाची क्रेन म्हणजे बूम (क्रेनचा पुढे सरकणारा हात) पूर्ण आत असताना एक टन. बूम जसजसा बाहेर काढाल तसतशी क्षमता घटते आणि शेवटच्या भोकात ती बऱ्याचदा पाव टनावर येते. बूमवर आकडे लिहिलेले असतात. सेव्हनचं नाक लांब, म्हणजे बूम बाहेरच काढावा लागणार. ट्रेंटकाठ, तुम्ही कितव्या भोकात होतात?


ट्रेंटकाठ

ताई, शेवटून दुसऱ्या. नाक आणि रेडिएटर आधी काढल्यामुळे क्रेन चौकटीला भिडेपर्यंत आत नेता आली, म्हणून शेवटच्या भोकात जायची वेळ आली नाही. बूमवरचा आकडा इंजिन आणि गिअर बॉक्सच्या एकत्र वजनाच्या दुपटीहून जास्त होता, तेवढा बघूनच भाड्याने आणली. क्रेनची चाकं छोटी लोखंडी असतात, ती काँक्रीटमधल्या एखाद्या बारीक खड्यावरही अडतात आणि लटकलेलं इंजिन झुलतं. गॅरेजची जमीन झाडून, पुसून घ्या, हे वर लिहायचं राहिलं.


आरपीएम_पुणे

काका, मस्त धागा! आम्ही कॉलेजात असताना फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेसाठी गाडी बांधायचो. तिथे इंजिन ७१० सीसीपर्यंतच चालतं आणि पेट्रोलवर असेल तर हवा २० मिलिमीटरच्या गळ्यातूनच घ्यावी लागते. आमच्याकडे केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन होतं. मोटरसायकलच्या इंजिनात क्लच आणि गिअर बॉक्स आतच असतो, त्यामुळे दोन पोरं हातांनी उचलून चौकटीत ठेवायची. स्पर्धेच्या आदल्या रात्रीसुद्धा काढून परत लावायची हिंमत व्हायची.

पण तिथे चेन जुळवणं छळायचं. पुढचं स्प्रॉकेट इंजिनावर, मागचं डिफरन्शियलवर. इंजिन एखादा मिलिमीटर तिरकं बसलं तरी चेन आवाज करायची आणि लवकर ताणायची. आम्ही माउंटिंगच्या वायसरची जाडी प्रत्येक जागेसाठी लिहून ठेवायचो, तुमच्या पुठ्ठ्यासारखंच.

एक विचारायचं होतं. इंग्लंडमध्ये मोटरसायकलचं इंजिन घातलेल्या सेव्हन पुष्कळ असतात ना? त्यात रिव्हर्स गिअरचं काय करतात?


ट्रेंटकाठ

हो, यामाहा आर१ आणि सुझुकी हायाबुसाची इंजिनं इथे फार आवडीची आहेत. काही जण प्रोपेलर शाफ्टच्या वाटेत वेगळा रिव्हर्सचा डबा बसवतात, काही सेल्फसारखी विजेची मोटर लावतात. गाडी इतकी हलकी असते की पार्किंगमध्ये उतरून हाताने मागे ढकलणारेही मी पाहिले आहेत.


कव्हेंट्रीकर

मी सत्तरच्या दशकात इथे आलो आणि आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात काढलं. किट कार इंग्लंडमध्येच एवढ्या का रुजल्या याची थोडी माहिती देतो.

कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ ची. त्या काळी तयार मोटारीवर पर्चेस टॅक्स लागायचा आणि तो भरभक्कम होता. सुटे भाग घेऊन गाडी स्वतः जोडली तर तो लागत नसे. त्यामुळे हौशी, पण खिशाने बेताच्या माणसालाही खरी स्पोर्ट्स कार परवडू लागली. १ एप्रिल १९७३ ला व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅम या कंपनीकडे गेले. कराचं कारण गेलं तरी घरी गाडी जोडायची सवय गेली नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी कामगार दिवसभर कारखान्याच्या पट्ट्यावर एकच काम करायचे आणि संध्याकाळी आपल्या गॅरेजमध्ये पूर्ण गाडी जोडायचे. दिवसा तोच एक बोल्ट लावणाऱ्या माणसाला संध्याकाळी पूर्ण गाडी आपल्या हाताखालून गेलेली बघायची असते, हे मी त्यांच्यात जवळून पाहिलं आहे. त्यामुळे ट्रेंटकाठ, तुमच्या गाडीचा तो अनोळखी बांधणारा अशांपैकीच कुणी असेल तर मला नवल वाटणार नाही.

कागदपत्रांचं थोडं. नवी किट कार रस्त्यावर आणायची तर आता आयव्हीए ही तपासणी लागते. २००९ मध्ये ती आली, त्याआधी एसव्हीए होती. तेच इंजिन उतरवून परत बसवलं तर कुणाला कळवायची गरज नाही. दुसरं इंजिन घातलं तर त्याचा नंबर आणि सीसी डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी कार्यालयाला कळवून नोंदणीपत्रात बदलून घ्यायचे. विमा कंपनीलाही सांगायचं.


कोकणकडा

आपल्याकडे असं काही करता येईल का? सिंधुदुर्गात काकांच्या वाडीत एक जुनी जिप्सी पडून आहे. तिचं इंजिन आणि गिअर बॉक्स घेऊन अशी चौकट बांधायचं डोक्यात आहे.


पंचगंगाकाठ

रस्त्यावर चालवायची असेल तर विचार सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रात निर्मात्याचं जे वर्णन आहे त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. जिप्सीच्या नोंदणीवर दुसरी चौकट चालणार नाही. त्यापेक्षा जिप्सी जिप्सी म्हणूनच उभी करा. तिचं इंजिन उभं आहे, सगळं हाताला लागतं, या धाग्यातलं बहुतेक काम तिच्यावर शिकता येईल. वाडीत घोडी उभी करायला जागा आहे, हे लई मोठं भाग्य समजा. झाडाच्या फांदीला मात्र टांगू नका, वरून हिरवी असली तरी आतून पोखरलेली असू शकते.


कोकणकडा

पटलं. जिप्सीच उभी करतो. मे महिन्यात गावी गेल्यावर आधी आकड्यांच्या टेपा आणि पुठ्ठा.


शिवणापूर

वायरिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून विचारते. मी वाहनांच्या वायरिंग हार्नेसवर काम करते. फायबरग्लासचं अंग आणि पावडर कोटिंग केलेली चौकट असलेल्या गाडीत अर्थचं काय केलंत? इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. रबर वीज नेत नाही आणि पावडर कोटिंगही नेत नाही. इंजिन ते चौकट अशी जाड पट्टी लावायची राहिली, किंवा तिच्याखाली रंग तसाच राहिला, तर सेल्फ मोटरचा सगळा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट बहुतेकदा थ्रॉटल नाहीतर क्लचच्या केबलची असते. त्या तारा एवढ्या करंटसाठी नसतात. तापून लाल होतात, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि केबल जागीच चिकटते. थ्रॉटलची केबल उघड्या अवस्थेत चिकटली तर काय होईल हे सांगायला नको.


ट्रेंटकाठ

शिवणापूर, हा मुद्दा माझ्या पहिल्या पोस्टमध्ये सविस्तर यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. माझ्या गाडीत मूळ बांधणाऱ्याने बेल हाउसिंगच्या एका बोल्टखाली पट्टी घेतली आहे आणि चौकटीवर त्यासाठी वेगळा स्टड वेल्ड केलाय. त्याचं हे काम बघून मला फार समाधान वाटलं. परत लावताना स्टडभोवतीचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत केला, पट्टी आवळली आणि वरून ग्रीस लावलं. मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावून, मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. प्लग काढून फिरवतानाच हे बघता येतं. व्होल्टेज जवळपास शून्य राहिलं.


शिवणापूर

अगदी हीच तपासणी. नुसता रेझिस्टन्स मोजून भागत नाही, कारण मीटरच्या इवल्याशा करंटला एक धागा तार शिल्लक असली तरी पट्टी चांगलीच वाटते. भार असतानाच मोजायला हवं.


मृण्मयी

कूलंट भरताना हवा अडकली नाही का? आमच्या शेजाऱ्यांची वेस्टफील्ड (सेव्हनच्याच धाटणीची किट कार) आहे, त्यांना प्रत्येक वेळी तो त्रास होतो.


ट्रेंटकाठ

अडकते. सेव्हनमध्ये रेडिएटर खाली नाकात आणि इंजिनाचा माथा त्याच्याहून वर, म्हणजे हवेला वर बसायला जागा मिळते. गाडीचं पुढचं टोक घोड्यांवर असतानाच कूलंट भरलं, जेणेकरून भरायचं तोंड सगळ्यांत उंच राहील. हीटरचा वरचा होज सैल करून त्यातून बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत ओतत राहिलो. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की खालचा होज गरम होतो. हाताला तो गार लागत असेल आणि काटा चढत असेल तर लगेच बंद करायचं. थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघितली, बरीच खाली गेली होती. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.


आरपीएम_पुणे

काका, रस्त्यावर काढल्यावर परत काय काय तपासलंत?


ट्रेंटकाठ

पहिली फेरी घराभोवतीच, मोबाइल आणि पान्यांची पिशवी सोबत घेऊन. परत आल्यावर एक्झॉस्टचे नट पुन्हा आवळले, गरम-थंड झाल्यावर ते सैल होतात. माउंटिंगचे बोल्ट, होजच्या क्लिपा, प्रोपेलर शाफ्टचे डिफरन्शियलकडचे चार बोल्ट. क्लच केबलला थोडा ढिलेपणा ठेवला आहे. नवी प्लेट बसताना तो बदलतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वरचेवर बघतो. क्लचवर सुरुवातीला जोराने गाडी उचलली नाही, प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसायला वेळ दिला. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवतो. डाग पडला तर तो कुठल्या ऑइलचा हे वासावरून कळतं, गिअर ऑइलचा वास उग्र गंधकासारखा असतो.

मूळ बांधणाऱ्यासाठी आणि पुढच्या मालकासाठी एक वही केली आहे. ऑइलचं खरं माप, बोल्टच्या पुठ्ठ्याचा फोटो, टेपांचे आकडे, अर्थचा स्टड कुठे आहे, सगळं त्यात. ती गाडीच्या कागदपत्रांसोबत राहील.


मृण्मयी

वहीची कल्पना आवडली. शेजारी पुढच्या महिन्यात त्यांच्या वेस्टफील्डचा क्लच करणार आहेत. तुमचा लेव्हलर काही दिवसांसाठी मिळेल का? क्रेन ते भाड्याने घेणार आहेत.


ट्रेंटकाठ

जरूर. क्रेन भाड्याची होती, पण लेव्हलर आणि साखळ्या माझ्याच आहेत, घेऊन जा. साखळीच्या कड्या आणि बोल्ट लावायच्या आधी एकदा हाताने फिरवून बघायला सांगा. आणि सेंटरिंगचा दांडाही देतो. त्यांचं इंजिन पिंटोच आहे का तेवढं विचारून कळवा, कारण दुसऱ्या इंजिनाला स्पिगॉटचं माप वेगळं असू शकतं.